बुटातली वाळू

१

घरात पाऊल टाकायचं तर आधी बूट रिकामे करायचे, असा त्या घरातला कायदा होता आणि त्याची अंमलबजावणी सहा वर्षांच्या एका मुलीकडे होती. तिच्यापुढे बापाचं काही चालायचं नाही.

बाप बंदराच्या कचेरीत किनारा मोजायचा. हे काम आहे असं पुष्कळांना वाटायचंच नाही. किनारा काय मोजायचा, तो पळून चाललाय का, असं सासऱ्यांनी लग्न ठरताना विचारलं होतं आणि त्यानं अगदी सरळ चेहऱ्यानं "हो" म्हटलं होतं. मोजपट्टी, दोरी, तिपाईवरची दुर्बीण आणि वाळूचे नमुने भरायच्या पिशव्या घेऊन तो दिवसभर पाण्याच्या कडेनं फिरायचा. संध्याकाळी परतायचा तेव्हा थोडा किनारा बुटांत बसून त्याच्याबरोबर घरी यायचा.

दारात एक बुटकं स्टूल होतं. त्यावर तो टेकला की आतून भिंगरी यायची. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. एका जागी पळभर ठरेल तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणायचे. ती जुनं वर्तमानपत्र पसरायची, फतकल मारून बसायची, दोन्ही हातांनी बूट ओढून काढायची आणि उलटा धरून टाचेवर चापट्या मारायची. वाळूचा इवलासा ढीग पडला की त्यात बोट खुपसून बघायची.

"आज कमी आणलीस," हा शेरा ठरलेला. मग कागदाची घडी करून ती वाळू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ओतायची आणि डबा परत तिच्या पलंगाखाली जायचा. आई शाळांचे गणवेश शिवायची. पांढऱ्या कापडाला वाळू म्हणजे हाडवैरी. यंत्रावरून मान वर न करता ती म्हणायची की तुम्ही दोघं मिळून समुद्र घरात आणा, मी आपली किनाऱ्यावर राहायला जाते. पण तिनं तो डबा कधी फेकला नाही. रोज ओतूनही तो डबा भरत कसा नाही, हा विचार मात्र तेव्हा कुणाच्याच मनात आला नाही.

बुटांचं झालं की तो भिंगरीला उचलायचा आणि दारातल्या दारात एक गिरकी द्यायचा. तिचं वजन त्याच्या हातांना पाठ झालं होतं.

२

बंदराला काही वर्षांपूर्वी भिंत झाली होती. मोठमोठे दगड रचत रचत जमिनीपासून थेट समुद्रात नेलेली, होड्यांना शांत पाणी मिळावं म्हणून. शांत पाणी मिळालं. पण वाळूचं कुणी विचारात घेतलं नव्हतं. वाळू बसून राहते असं आपल्याला वाटतं. ती चालत असते. नदी तिला आणून सोडते, लाटा तिला तिरकं ढकलत किनाऱ्याच्या कडेनं पुढे पुढे नेतात, आणि जितकी पुढे जाते तितकी मागून येते, म्हणून किनारा जागेवर आहे असं दिसतं. भिंतीनं ती वाट अडवली. अलीकडे वाळू साठत गेली, इतकी की पोरं तिथे फुटबॉल खेळू लागली. पलीकडे मात्र लाटा नेमानं आपला वाटा नेत राहिल्या आणि मागून काहीच येईना. आधी झाडांची मुळं उघडी पडली, मग झाडं पडली, मग मासळीवाल्यांच्या शेडींची जमीन खचली.

बंदराला आता भिंत आणखी लांबवायची होती. त्याआधी वाळू नेमकी कुठे जाते ते तपासा, असा हुकूम आला. तपासायची रीत सोपी आहे. थोडी वाळू केशरी रंगवायची, पाण्याच्या कडेला ओतायची आणि मग दूरदूरचे नमुने आणून अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचे. रंगवलेला कण त्या उजेडात निखाऱ्यासारखा पेटतो. तो कुठे कुठे सापडतो ते बघायचं, म्हणजे वाळूची वाट कळते. प्रयोगशाळेतल्या बाई या कामात मुरलेल्या होत्या. त्यांची अट एकच: रंगवायची वाळू भिंतीपलीकडच्या किनाऱ्याच्याच जातीची हवी, कण तेवढेच, वजन तेवढंच.

पण पलीकडे वाळू उरली कुठे होती? चिखल आणि गोटे. दोन दिवस डोकं खाजवल्यावर मोजणीवाल्याला आठवलं की आपलं घर जुन्या वाळूच्या टेकाडावरच उभं आहे. एकेकाळी समुद्र इथवर होता. बाईंनी मूठभर वाळू चाळून बघितली आणि पसंत केली. मग त्यानं परसात, भिंगरीच्या खिडकीखाली, फावडं घेऊन खणायला सुरुवात केली. आपल्या हुशारीवर तो बेहद्द खूश होता.

बायकोनं खिडकीतून डोकावून सांगितलं की घर संपत आलं की हाक मारा, तेवढं शिवणयंत्र बाहेर काढते. भिंगरी खड्ड्याच्या काठावर बसून पोती भरताना बघत होती.

"माझी वाळू कुठे नेतोस?"

"फिरायला."

"परत येईल?"

"तेच तर बघायचंय," तो म्हणाला.

३

पुढचे काही आठवडे जे व्हायचं तेच झालं. केशरी कण भिंतीला टेकून साठले. पलीकडच्या नमुन्यांत एकही कण नाही. बाई चष्मा पुसत म्हणाल्या की हे सांगायला एवढी पोती कशाला रंगवायला हवी होती, भिंतीलाच विचारायचं.

अंधारखोलीतून बाहेर पडताना त्या दिवा मालवणार, एवढ्यात उजेडाची तिरीप त्याच्या बाहीवर पडली. बाही पेटली. कफ, कोपर, पँटच्या शिवणी, सगळीकडे केशरी ठिपके. बाईंनी त्याला फैलावर घेतलं. कण असे माणसांच्या अंगावरून इकडून तिकडे जाऊ लागले तर पाण्यानं काय नेलं आणि तुम्ही काय नेलं हे कसं कळणार? सगळा खटाटोप पाण्यात. आजपासून बूट आणि कपडे कचेरीत ठेवायचे, दुसरे घालून घरी जायचं. घरात साठवलेली वाळू असेल तर तीही इथे आणून टाकायची.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पलंगाखालून डबा काढला. भिंगरीनं आकांत केला नाही. ती दाराला टेकून उभी राहिली आणि अगदी व्यवहाराचा प्रश्न विचारल्यासारखं म्हणाली,

"मग माझ्याकडे काय येणार?"

"मी येतोय ना."

तिनं थोडा विचार केला. हे उत्तर पुरेसं आहे असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तरी त्यानं डबा कचेरीमागच्या ढिगाऱ्यावर रिकामा केला.

४

चुकल्यासारखं वाटलं ते गिरकी देताना. संध्याकाळी चपला काढून त्यानं नेहमीसारखं तिला उचललं आणि ती त्याच्या अंदाजापेक्षा उंच गेली. भरलेली घागर समजून रिकामी उचलावी तसं झालं. तो एक पाऊल मागे कलंडला. भिंगरी हसली, तोही हसला, पण मनात पाल चुकचुकलीच.

रात्री जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं की ही नीट जेवते ना. बायको म्हणाली, माझ्या ताटातलंसुद्धा जेवते. दुसऱ्या दिवशी तिनं मापाची फीत काढली आणि त्याच्यासमोर भिंगरीचं माप घेतलं. छाती, कंबर, दंड, उंची. सगळं गेल्या फ्रॉकएवढं, उलट बोटभर जास्तच.

"फीत खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "तुमचे हातच बदललेत."

हे एका अर्थी खरं होतं. त्याचे हात जड झाले होते. पायही. सकाळी जिना उतरताना पायऱ्या दणदण वाजायच्या. दारातलं स्टूल कुरकुरायचं. पलंगाची त्याची बाजू इतकी खाली गेली होती की झोपेत बायको घरंगळत त्याच्या अंगावर यायची आणि म्हणायची, या वयात हा लाडिकपणा बरा नाही. त्यानं फीत स्वतःच्या कमरेला लावून बघितली. माप जुनंच होतं.

माणसाचं मन अशा वेळी वकिली करतं. मुली या वयात झपाट्यानं उंच होतात, काटकुळ्या होतात. आपण चाळिशीकडे झुकलोय, अंग जड होणारच. त्यानं स्वतःला असं सगळं समजावलं. पण रोज संध्याकाळी तिला उचलायच्या आधी तो दारात उगाच रेंगाळू लागला, आणि एक दिवस त्यानं कंबर धरल्याचं सोंग करून गिरकी टाळली.

भिंगरी आता पुष्कळदा एकाच जागी बसलेली असायची.

५

मग घरात वाळू दिसू लागली. बूट कचेरीत, कपडे कचेरीत, डबा रिकामा, आणि तरी सकाळी बायकोच्या केरसुणीखाली करकर वाजायचं. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं कानावर हात ठेवले.

वाळू सगळीकडे नव्हती. जेवणाच्या टेबलाशी, बोळात आणि भिंगरीच्या पलंगाशेजारी, अशा मोजक्या ठिकाणी होती. पहिल्या दिवशी त्यानं वरवर बघितलं. दुसऱ्या दिवशी तो उकिडवा बसून निरखू लागला.

त्या वाळूला आकार होता. एका बाजूला चंद्रकोरीसारखी उंच साठलेली, आणि तिच्या पलीकडे, वीतभर जागा सोडून, फरशीच्या सांध्यातला सिमेंटचा भुगा उकरून नेलेला. फरशी पायाखाली डुगडुगत होती. हा आकार त्यानं आयुष्यभर मोजला होता. वाहत्या वाळूच्या वाटेत दगड, खांब, भिंत, काहीही उभं राहिलं की अलीकडे असा ढीग होतो आणि पलीकडे अशी झीज. हा आकार दिसला की मध्ये काहीतरी उभं असतं. मोजणीवाल्याला हे शिकवावं लागत नाही.

इथे मध्ये काहीच नव्हतं. वीतभर मोकळी, स्वच्छ फरशी.

त्यानं त्या मोकळ्या जागेवर हात फिरवून बघितला. हवा होती. तरी हात पटकन मागे घेतला. वाळू झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी ढीग त्याच जागी, आणि तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी: साठण खिडकीकडे तोंड करून असो की दाराकडे, झीज नेहमी भिंगरीच्या बाजूला.

बायकोला त्यानं सांगितलं नाही. काय सांगणार? आपल्या घरात कुणीतरी उभं राहतं, ते दिसत नाही, पण वाळूला कळतं? ती म्हणाली असती की उन्हात फिरून डोकं फिरलंय. खरंच फिरलं असावं, असंही त्याला अधूनमधून वाटायचं आणि तेवढा वेळ बरं वाटायचं.

पण मुलगी त्याची होती. जे कुणी तिच्या पलंगाशी उभं राहत होतं त्याच्या आणि तिच्या मध्ये आपण उभं राहायचं, एवढं त्याला कळलं. त्यानं कचेरीतून अर्ध्या दिवसाच्या सुट्ट्या घ्यायला सुरुवात केली. दुपारी ती शाळेतून येऊन झोपली की तो पलंगाशी उभा राहायचा, हाताची घडी घालून, पाय रोवून. तासन्‌तास. राखण करणाऱ्यानं बसू नये, असं त्यानं ठरवलं होतं.

त्या आठवड्यात भिंगरी चमचा उचलताना दोन हात वापरू लागली.

६

बायको तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. वजन थोडं कमी भरलं, टॉनिक मिळालं. त्याचं समाधान झालं नाही. दोन दिवसांनी तो स्वतः तिला घेऊन गेला. खांद्यावर घेतलं होतं, आणि रस्त्यानं दोनदा मान वळवून बघितलं की ती आहे ना.

डॉक्टर म्हातारे, बोलघेवडे. त्यांनी भिंगरीला वजनकाट्यावर उभं केलं. त्यांनी आकडा सांगितला. फार वाईट नव्हता. तो बघायला म्हणून मोजणीवाला खुर्चीवरून उठून काट्याजवळ आला.

काटा खाली सरकला.

डॉक्टरांनी भुवई उंचावली, काट्याच्या काचेवर टिचकी मारली. तो आणखी एक पाऊल पुढे आला, तिच्या खांद्यावर हात ठेवायला. काटा पुन्हा सरकला, सावकाश, मेणबत्ती वितळावी तसा. भिंगरी स्थिर उभी होती. ती खाली बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

तो मागे झाला. खुर्चीपर्यंत, मग भिंतीपर्यंत. काटा थांबला. पण वर गेला नाही.

"बिघडलाय," डॉक्टर म्हणाले. "नवा मागवलाय मी. टॉनिक चालू ठेवा."

घरी येताना त्यानं तिला खांद्यावर घेतलं नाही. चालत नेलं, हात न धरता, आणि दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवलं. ती विचारत राहिली की बाबा, तू रागावलास का. त्यानं मान हलवली आणि अंतर तेवढंच ठेवलं.

७

बाईंचा हातात धरायचा जांभळा दिवा त्यानं रविवारपुरता मागून आणला. दुपारी बायको शिवलेले गणवेश पोचवायला गेली. भिंगरी तिच्या खोलीत झोपली होती. त्यानं खिडकीवर गणवेशाचं निळं कापड दुहेरी करून खिळ्यांनी ठोकलं, दाराच्या फटीत चादर कोंबली. भर दुपारी खोलीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला. तो दाराशी उभा राहिला, जमेल तितका लांब, आणि दिवा लावला.

फरशी पेटली. केशरी कणांच्या बारीक रेघा, ओहोटीनंतर ओल्या किनाऱ्यावर उमटतात तशा, एकीमागे एक. सगळ्या पलंगापासून निघाल्या होत्या. पलंगाशेजारी ती चंद्रकोर होती, आणि तिच्यापुढे दोन जागा रिकाम्या, अंधाऱ्या. त्यांचा आकार त्यानं नीट बघितला. दोन तळपाय. टाच, बोटं, आणि उजव्या पायाचं वाकडं करंगळीजवळचं बोट, जे लहानपणी दारात सापडून मोडलं होतं.

त्याचंच.

त्याला वाटलं आपण ओरडलो, पण आवाज झाला नाही. रेघा आता पलंगाशेजारून वळून दाराकडे येत होत्या. म्हणजे आल्याच होत्या; तो बघत होता तिथे काही हलत नव्हतं, फक्त दिवा दुसरीकडे नेऊन परत आणला की त्या जवळ आलेल्या असायच्या. तो डावीकडे सरकला. रेघा डावीकडे वळल्या.

त्यानं दिवा स्वतःच्या हातावर धरला. हात आतून पेटला होता. नखांच्या खाली, शिरांच्या कडेनं, तळव्याच्या रेषांत, कातडीच्या मागे दाटीवाटीनं केशरी. बोटं मिटली तर करकरली.

आणि मग, धरायचा नाही असं ठरवूनही, त्यानं दिवा पलंगाकडे फिरवला. पांढरी चादर निळसर उजळली. तिच्यावर फ्रॉक उजळला, आईनं शिवलेला, पांढरा, गळ्याला बारीक झालर. फ्रॉक चादरीवर सपाट पसरला होता. इस्त्री करून ठेवावा तसा. गळ्याच्या वर उशी होती आणि उशीत एक खळगा होता.

"बाबा," खळगा म्हणाला.

दिवा हातातून पडला. त्यानं धडपडत खिडकीवरचं कापड ओरबाडलं. ऊन आत आलं. भिंगरी उठून बसली होती, गाल, वेण्या, झोपेनं सुजलेले डोळे, सगळं जिथल्या तिथे. ती हसली आणि तिनं उचलून घे म्हणून हात पुढे केले.

८

त्याच संध्याकाळी तो कचेरीच्या विश्रांतिगृहात राहायला गेला. बायकोला म्हणाला, मोजणीचं काम आहे, भरती-ओहोटी सांभाळायची आहे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर खोटं पकडायला चेहरा लागत नाही, पाठही पुरते. तिनं त्याच्या पाठीकडे बघून घेतलं आणि जेवणाचा डबा भरून दिला.

तो लांब गेला की ती सावरेल, ही एकच आशा होती. रोज फोनवर तो एकच प्रश्न विचारायचा. बायको सांगायची की कमी झाली नाही, पण वाढतही नाही. शाळेत नेते तर वाऱ्याला घाबरते. शेवटी ती म्हणाली,

"ती रोज स्टुलाशी बसून राहते हो. कागद पसरून."

त्याला मग कळलं. गेलेलं कुठे हरवलं नव्हतं. ते सगळं त्याच्याकडे होतं. तो लांब गेला म्हणजे ते घेऊनच गेला होता.

प्रयोगशाळेत बाई अहवाल लिहीत होत्या. अलीकडे सगळे कण, पलीकडे एकही नाही, भिंत लांबवू नये. तो बाकावर बसला तेव्हा बाक करकरला आणि बाईंनी मान वर केली. त्याचा चेहरा बघून त्यांनी पाणी दिलं. त्यानं विचारलं की समजा भिंत आता झालीच आहे, पाडता येत नाही, पाडायची इच्छाही नाही, तर पलीकडच्यानं काय करायचं.

"दुसरा इलाज नाही," बाई म्हणाल्या. "साठलेली वाळू उचलायची आणि हातानं पलीकडे नेऊन टाकायची. पूर्वी आपोआप जायची ती."

"एकदा टाकली की पुरते?"

"छे हो. रोज. भिंत आहे तोवर रोज. एक दिवस थांबलं की झीज सुरू."

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. पत्र्याचा डबा त्याच्या डोळ्यांसमोर आला, रोज ओतूनही कधी न भरलेला. त्यानं तो स्वतःच्या हातानं रिकामा केला होता, ढिगाऱ्यावर, आणि नंतर फेकून द्यायला म्हणून कचेरीतल्या कपाटात ठेवला होता. तो अजून तिथेच होता.

९

ऊन उतरताना तो घरी आला. पायात ते बूट होते. हातात डबा.

स्टुलावर बसला तेव्हा स्टुलाचा एक पाय फाकला. आत शिवणयंत्र चालू होतं. भिंगरी भिंतीला हात लावत लावत आली, वाऱ्यानं उडू नये म्हणून जपून येणाऱ्या माणसासारखी. बूट बघितले आणि तिचे डोळे मोठे झाले.  कागद पसरलेलाच होता. ती फतकल मारून बसली. दोन्ही हातांनी उजवा बूट धरला, पण तिच्यानं ओढवेना. त्यानं टाच वर करून दिली.

तिनं बूट उलटा केला. वाळू पडली. मूठभर, ओंजळभर, कागदभर, आणि पडतच राहिली. बारीक, कोरडी, मावळतीच्या उजेडात साध्या डोळ्यांनाही केशरी दिसणारी. बुटात एवढी मावत नाही हे त्याला कळत होतं. ती बुटातून येत नव्हती. आधी त्याच्या पायाची बोटं गेली, मग घोटा, मग पिंढरी. दुखत नव्हतं, ओल्या वाळूत उभं असताना लाट मागे फिरते आणि पायाखालचं निसटतं, तेवढंच वाटत होतं. भीती मात्र वाटत होती. इतकी की दातावर दात वाजत होते, आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं जबडा आवळला.

भिंगरी ओंजळीनं डबा भरत होती. डबा भरत नव्हता. तिनं आधारासाठी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि त्या हाताला हळूहळू भार येत होता. त्याच्या हातांना पाठ असलेला भार.

"आज खूप आणलीस," ती म्हणाली. तिचा आवाज भरलेला होता.

आत यंत्र थांबलं. बायको उंबरठ्याशी आली. तिची नजर डब्यावर, मग भिंगरीच्या चेहऱ्यावर आणि मग स्टुलावरून खाली लोंबणाऱ्या पँटच्या उजव्या पायावर गेली, जो गुडघ्यापासून खाली सपाट होता. हातातली मापाची फीत तिच्या हातातच राहिली.

"अहो," ती एवढंच म्हणाली.

तो तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता. भिंगरीनं डब्याचं झाकण लावलं आणि कागद झटकून पुन्हा पसरला.

"उद्या पण आणशील?"

"मी आहे तोवर रोज," तो म्हणाला आणि त्यानं दुसरा पाय पुढे केला.